लाभार्थी हा शब्द आधी खोडा

दोस्तांनो, चळवळीत एक फॅशन आलीय. कुणी पोरगा वस्तीत बसून रेशनकार्डाचे, दवाखान्याचे कागद भरताना दिसला, की आपले क्रांतिकारक नाक मुरडतात. ही समाजसेवा झाली म्हणतात, हा विद्रोह नव्हे. व्यवस्था उलथायची सोडून तिच्याच खिडकीपुढं रांग लावतोय म्हणतात. ऐकायला झकास वाटतं. पण ज्याच्या आईच्या छातीत रात्री दोन वाजता कळ येते, त्याला व्यवस्था उलथेपर्यंत थांब म्हणणार काय?

कागद भरणं म्हंजे शरण जाणं नव्हे. शरण जाणं सुरू होतं ते त्या कागदाभोवती फिरणाऱ्या एका शब्दापासून. लाभार्थी. म्हंजे सरकारनं आपल्या ताटातलं उचलून दिलं आणि आपण ओंजळ धरली. हा शब्द खोटा आहे. का खोटा, ते बघा.

कारखान्यातल्या कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा प्रा. आडारकरांनी 1944 साली सादर केला. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं कुणाकडं होतं? बाबासाहेबांकडं. 1942 ते 1946. त्याच वाटेनं पुढं 1948 चा कामगार राज्य विमा कायदा आला. कामगाराच्या पगारातून वर्गणी कापायची, मालकानं आपला वाटा टाकायचा, आजारपणात औषधपाणी आणि थोडीफार भरपाई मिळायची. यात कुणी कुणाला लाभ दिला? घाम गाळला, वर्गणी भरली, हक्क घेतला. हिशेब चोख.

सोलापूरच्या गिरणी कामगाराला हा हक्क ठाऊक होता. पण तो भोंग्याला बांधलेला होता. भोंगे एकेक करून बंद पडले. नोकरी गेली, तिच्यामागं विम्याचं कार्डही गेलं. पोरगा रिक्षावर बसला, नाहीतर बांधकामावर गेला. आणि घरातली बाई? ती बहुतेक करून त्या हजेरीपटावर नव्हतीच. ती उंबऱ्यात बसून मांडीवरच्या सुपात पान-तंबाखू घेऊन विड्या वळत होती. तेलुगू बोलणारी पद्मशाली असो, मुसलमान असो, बौद्ध असो की मातंग. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं, तंबाखूची धूळ फुकट. तिच्यासाठी 1976 साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. विडीवर उपकर बसवायचा, त्यातून दवाखाने चालवायचे. 2017 साली जीएसटी आला आणि तो उपकरच रद्द झाला. बाईचा खोकला मात्र रद्द झाला नाही.

आता आजच्या योजनेकडं या. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात सोलापूर होतं. पिवळं किंवा केशरी कार्ड दाखवा, कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाखापर्यंतचा इलाज घ्या. 2017 साली तिला महात्मा फुल्यांचं नाव दिलं. 2018 साली दिल्लीची आयुष्मान भारत आली, पाच लाखांची. पण तिची यादी 2011 च्या गणतीतून काढलेली. शहरात गरीब कुणाला म्हणायचं? कागद-काच वेचणारा, घरकाम करणारी, फेरीवाला, चांभार, सफाई कामगार, रिक्षावाला, घरी बसून हातकाम करणारी. वाचताना वाटतं, कुणीतरी आपल्याच गल्लीत दारोदार फिरून लिहिलंय. शहराच्या यादीत जात लिहिली नव्हती, धंदे लिहिले होते. पण या देशात धंदे वाचले की जात आपोआप वाचली जाते.

1 जुलै 2024 पासून महाराष्ट्रानं रेशनकार्डाचा रंग बघणं सोडलं. बंगल्यातलं कुटुंब असो की पत्र्याच्या खोलीतलं, वर्षाला पाच लाखांपर्यंत. म्हंजे गरिबी सिद्ध करायची अटच आता उरली नाही. मग मिलिंदनगरचा, सेटलमेंटचा, विडी घरकुलातला माणूस खिडकीपुढं अजून मान खाली घालून का उभा राहतो? कारण अट गेली, सवय गेली नाही. त्याची मागायची सवय आणि खिडकीपलीकडच्याची खेकसायची सवय.

आणि कागद तर आहेच. रंग बघत नाहीत, पण कार्ड बघतात. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर. नवऱ्यानं टाकलेली बाई, तर कार्ड नवऱ्याच्या पेटीत. आधारवर एक आडनाव, रेशनवर दुसरं. तीन भावांच्या चुली तीन, कार्ड मात्र बापाच्या नावचं एकच. मग पाच लाखही तिघांत मिळून एकदाच, कारण रक्कम माणशी नाही, कुटुंबाची आहे. ज्याच्या बापजाद्यांना तारेच्या कुंपणात डांबलं आणि 1952 साली विमुक्त म्हणून सोडलं, त्याच्याकडं पिढीजात पत्त्याचा पुरावा मागतात! या चुका आजाऱ्याच्या उशाशी बसून दुरुस्त होत नाहीत. त्या माणूस धडधाकट असताना कराव्या लागतात. इथंच आपलं काम आहे.

काम काय? प्रत्येक वस्तीत एक वही घाला. घरागणिक नोंद करा, कुणाचं नाव कार्डावर नाही, कुणाचं आधार जुळत नाही. तहसीलच्या रेशन खात्यात एकटं जाऊ नका, गल्ली घेऊन जा. दवाखाना योजनेत आहे का ते आधीच विचारून ठेवा. आत गेल्यावर आरोग्यमित्राचं टेबल शोधा, योजनेची नोंद तिथं होते. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घ्यायची सोय आहे, हे तोंडावर सांगा. योजनेत बसणाऱ्या इलाजाला पैसे मागितले तर पावती मागा, नाही म्हटलं तर कारण लिहून मागा, आणि तिथंच उभं राहून 155388 ला फोन लावा. वहीत तारीख घाला. शंभर नकार एका वहीत जमले की तो अर्जांचा गठ्ठा राहत नाही, ते आरोपपत्र होतं. मोर्चा त्या वहीतून निघतो.

पण दोस्तांनो, कार्ड हातात पडलं म्हणून टाळ्याही पिटू नका. हा विमा बाई दवाखान्यात आडवी झाल्यावर जागा होतो. ऑपरेशन, खाट, जेवण, घरी सोडल्यावर दहा दिवसांचं औषध. अकराव्या दिवशी काय? रोजची रक्तदाबाची गोळी, साखरेची तपासणी, तंबाखूनं धरलेला दमा, यातलं काही त्याच्या हिशेबात नाही. म्हंजे काळीज बंद पडायला आलं की लाखाची गोष्ट, ते बंद पडू नये म्हणून लागणाऱ्या गोळीला छदाम नाही. खाजगी दवाखान्याचं बिल सरकार भरणार आणि वस्तीतला दवाखाना ओस पडणार, तर हा विमा नक्की कुणाचा? सोलापूरच्या सिव्हिलला धाराशिवचा, विजयपूरचा, कलबुर्गीचाही गरीब येतो. तिथं औषध हवं, डॉक्टर हवा, तपासणीचं मशीन चालू हवं. ही मागणी सोडून नुसती कार्डं वाटत बसलो, तर आपण विमा कंपनीचे बिनपगारी एजंट ठरू.

योजनेला नाव महात्मा फुल्यांचं आहे, तर त्या घरातला इलाजही आठवा. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेतलं आणि यशवंताच्या दवाखान्यात नेलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि 10 मार्चला त्या गेल्या. त्यांनी पोराला कार्ड विचारलं नव्हतं, उत्पन्न विचारलं नव्हतं, आणि त्याला लाभार्थीही म्हटलं नव्हतं. ते नाव पाटीवर लावायचं असेल तर सरकारनं एवढी तरी लाज बाळगावी.

आपण आपल्यापुरतं एवढं करू. वहीच्या पहिल्या पानावर, जिथं नावांच्या रकान्याला लाभार्थी लिहायची रीत आहे, तिथं लिहू: हक्कदार. आणि उद्या सकाळी पहिल्या घराची कडी वाजवू.