भांडण झाडाचे आहे

नाताळ जवळ आला की अमेरिकेतल्या दूरचित्रवाहिन्यांवर प्रेमकथांचे पीक येते. लहानसे गाव, भुरभुरणारा बर्फ, शहरातून घरी परतलेली नायिका, एखादी बेकरी, एक गैरसमज आणि शेवटी दिव्यांच्या माळांखाली चुंबन. अलीकडच्या काही वर्षांत या साच्यात नायकाच्या जागी दुसरी नायिका दिसू लागली आहे. काही पूर्ण लांबीचे चित्रपट आले, दहा-पंधरा मिनिटांचे लघुपटही आले. त्यांच्याकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांत जाणकार मंडळी आहेत आणि त्यांचा पूर्वपक्ष थट्टेवारी नेण्याजोगा नाही. ते विचारतात, स्त्रियांच्या आपसांतल्या प्रेमाने पडद्यावर येण्यासाठी एवढे सोसले ते काय या साखरेच्या पाकात बुडण्यासाठी? टॉड हेन्सचा ‘कॅरल’ असताना ही चटपटीत करमणूक हवीच कशाला? मला हा आक्षेप मुळातच उलटा वाटतो. या प्रेमाच्या वाट्याला गांभीर्य कधी कमी पडलेच नव्हते. वाट्याला आला नाही तो पोरकटपणा, आणि तो का आला नाही हे पाहिले की या किरकोळ सिनेमांचे मोल कळते.

हॉलिवूडची हेज आचारसंहिता १९३४ पासून कडकपणे लागू झाली. तिच्या भाषेत समलिंगी प्रेम म्हणजे ‘विकृती’, आणि तिचा नुसता सूचक उल्लेखही निषिद्ध. लिलियन हेलमनच्या ‘द चिल्ड्रन्स अवर’ या नाटकात दोन शिक्षिकांवर अशा प्रेमाचा आळ येतो. विल्यम वायलरने १९३६ मध्ये त्यावर ‘दीज थ्री’ काढला, तेव्हा त्या आळाचे रूपांतर सरळ स्त्री-पुरुष त्रिकोणात करावे लागले. १९६१ मध्ये संहिता जरा सैल झाली आणि त्याच वायलरने तेच नाटक मूळ आळासकट पुन्हा पडद्यावर आणले. या खेपेस मार्था आपले प्रेम कबूल करते आणि गळफास घेते. म्हणजे सवलत मिळाली ती मरण्याची. आपल्याकडे १९८१ साली विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ लिहिली. मराठी रंगभूमीवर तो विषय आणण्याचे धैर्य तेव्हा दुसऱ्या कुणात नव्हते, हे मान्यच. पण तिची नायिका मित्रा हिचा शेवटही आत्महत्येतच होतो. तेंडुलकर आणि हॉलिवूड यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसताना दोघांनी नायिकेसाठी एकच दार उघडे ठेवावे, याला योगायोग म्हणणे कठीण आहे.

आता ‘कॅरल’. पॅट्रिशिया हायस्मिथने त्याची मूळ कादंबरी १९५२ मध्ये ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ या नावाने छापली, तीही क्लेअर मॉर्गन या टोपणनावाने. शेवटी दोघी नायिका जिवंत राहतात आणि एकमेकींकडे परततात, एवढ्यासाठी अनोळखी वाचकांची पत्रे तिला वर्षानुवर्षे येत राहिली. २०१५ च्या चित्रपटाची गोष्ट नाताळातच सुरू होते: दुकानातला खेळण्यांचा विभाग, काउंटरवर विसरलेले हातमोजे, मुलीसाठी मागवलेला रेल्वेगाडीचा संच. फार देखणा आहे तो. पण त्याच सणाच्या दिवसांत नवऱ्याने पाठवलेला हेर शेजारच्या खोलीत बसून दोघींचा एकांत टेपवर उतरवतो, आणि कॅरलला पोटच्या मुलीचा ताबा सोडावा लागतो. १९५० च्या दशकात हे खरेच होते. हेन्सने ते बुजवले असते तर खोटे ठरले असते. माझे म्हणणे एवढेच, की जिला कुशीतल्या लेकराची किंमत मोजावी लागत नाही अशीही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी होती, आणि ‘कॅरल’च्या उंचीचा दाखला देऊन ती अडवता येणार नाही.

इथे प्रतिपक्षाच्या हाती एक चांगला मुद्दा आहे: क्लिआ डुव्हालचा ‘हॅपिएस्ट सीझन’. २०२० मध्ये हुलू या ओटीटी मंचावर आलेला हा चित्रपट हलक्याफुलक्या नाताळपटांतला सर्वांत गाजलेला, आणि त्यावर सर्वांत जास्त चिडले ते त्याचेच हक्काचे प्रेक्षक. ॲबी मागणी घालण्यासाठी अंगठी घेऊन हार्परच्या माहेरी निघते. वाटेत हार्पर सांगते की घरी अजून काही बोललेली नाही. मग ॲबीने ‘खोलीची भागीदार’ म्हणून तळघरात झोपायचे, हार्परच्या जुन्या मित्राचे कौतुक ऐकायचे आणि गप्प बसायचे. पुढे कळते, शाळेत असताना हार्परने रायली नावाच्या मैत्रिणीचे गुपित फोडून स्वतःची कातडी वाचवली होती. ॲबीने हार्परला सोडून रायलीबरोबर जावे, असे कितीतरी प्रेक्षकांना वाटले, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही. पण यातून निष्कर्ष कोणता काढायचा? विनोदी नाताळपटाला हा विषय पेलत नाही, असा काढला जातो. मला दिसते ते असे, की चित्रपट फसतो तो नेमका जिथे जुनी जड गोष्ट चोरपावलांनी परत येते तिथे. लपवाछपवी, बापाची निवडणूक, कुटुंबाची अब्रू हे सगळे शोकांतिकेचे सामान आहे. त्यावर सजावटीचे दिवे टांगले म्हणून ते सुखांतिकेचे होत नाही.

याउलट लाइफटाइम वाहिनीचा २०२१ चा ‘अंडर द ख्रिसमस ट्री’ घ्या. कला म्हणून तो ‘हॅपिएस्ट सीझन’च्या जवळपासही नाही, हे आधीच सांगून टाकतो. चार्ली ही नाताळची झाडे हेरणारी बाई. मेन राज्याच्या गव्हर्नरच्या सोहळ्यासाठी हवे तसे झाड तिला सापडते ते अल्माच्या परसात, आणि अल्मा ते द्यायला तयार नाही. भांडण झाडाचे आहे. दोन बायका प्रेमात पडल्या म्हणून कुणी खटला भरत नाही, कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. जे क्षुल्लक निमित्त हजारो नायक-नायिकांना फुकट मिळाले होते ते या दोघींना २०२१ मध्ये मिळाले. साचा साचा म्हणून हिणवणाऱ्यांनी हेही पाहावे, की तमाशातही गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम ठरलेलाच असतो आणि प्रेक्षक तो माहीत असूनच येतात. रंगत कोण कशी आणतो यावर सगळे असते. लघुपटाला तर ही कसोटी अधिकच कडक. पंधरा मिनिटांत घरच्यांचा विरोध, रडारड आणि समेट बसतच नाही. दिग्दर्शिकेला काहीतरी गृहीत धरावेच लागते, आणि ती जर या प्रेमाची मान्यताच गृहीत धरून थेट गैरसमजावर येत असेल तर तिने अर्धी लढाई न लढता जिंकली. उरलेली अर्धी म्हणजे संवादांची फेक आणि वेळ साधणे, आणि तिथे ती नापास झाली तर खुशाल नापास करा.

सणाचे पावित्र्य बिघडते, या तक्रारीला फार शब्द खर्चायला नकोत. सांता, झाड, बिस्किटे यांच्या या कथांत बाळ येशू स्त्री-पुरुषांच्या जोड्या असतानाही सहसा कुठे दिसत नव्हता. जास्त बोचरा आक्षेप आतून येतो: बंडखोर म्हणून जगलेल्या बायकांना बाजाराने स्वेटर घालून, कुकी भाजायला लावून माणसाळवले. बाजाराचा हेतू निर्मळ आहे असे मीही म्हणणार नाही. डिसेंबर २०१९ मध्ये दोन नववधूंच्या चुंबनाची जाहिरात हॉलमार्क वाहिनीने एका परंपरावादी गटाच्या दबावाखाली काढून टाकली, ओरड होताच काही दिवसांत माफी मागून निर्णय फिरवला. यात तत्त्व शोधू नये. पण बंडखोरी ही निवडलेली असेल तरच तिला अर्थ. ज्या बाईला साधे, घरगुती, थोडे बावळट सुख हवे आहे तिने आपल्या सर्वांच्या वतीने कायम बंडात उभे राहावे, ही अपेक्षा स्त्री-पुरुषांच्या जोडप्याकडून कुणी करत नाही.

त्याच हॉलमार्कने डिसेंबर २०२३ मध्ये ‘फ्रेंड्स अँड फॅमिली ख्रिसमस’ दाखवला. ‘हॅपिएस्ट सीझन’मध्ये खरे जोडपे आईबापांपुढे जोडपे नसल्याचे नाटक करत होते. इथे डॅनी आणि अमेलिया यांची गाठ आईबापांनीच घालून दिली आहे, आणि घरच्यांना बरे वाटावे म्हणून दोघी जोडपे असल्याचे नाटक करतात. मधे फक्त तीन वर्षे गेली आहेत.