अँटेनाच्या खोक्यावरचे मैल

अँटेनाच्या खोक्यावर मैलांचा आकडा छापायला कायद्याने बंदी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानात एका खोक्यावर १५० मैल लिहिलेलं असतं, शेजारच्यावर २००. ऑनलाइन बघाल तर आकडा आणखी चढतो. आणि आत काय निघतं? खिडकीला चिकटवायचा एक काळा प्लास्टिकचा कागद, वहीच्या पानाएवढा. किंमत वीस-तीस डॉलर, त्यामुळे फसलेला माणूस भांडायलाही जात नाही. निमूट खोकं माळ्यावर टाकतो आणि पुन्हा केबलवाल्याला फोन लावतो.

आम्ही राहतो ते गाव इलिनॉयमध्ये, शिकागोच्या दक्षिणेला साधारण ७५ मैलांवर. चहूकडे मका आणि सोयाबीन, डोंगर औषधालाही नाही. मुलगी शिकागोत शिकते म्हणून घरात सगळ्यांना तिथल्या बातम्या बघायच्या असतात, आणि फुकट हवेतून येणाऱ्या गोष्टीचे दरमहा पैसे मोजायला माझा कोकणी जीव तयार होत नाही. ओळखीतल्या मराठी मंडळींना हे माहीत असल्याने केबल बंद करायचं मनात आलं की फोन मला येतो. "कुठला अँटेना घेऊ?" माझं उत्तर ऐकून माणूस हमखास नाराज होतो. कारण मी म्हणतो, अँटेना सगळ्यात शेवटी घ्या.

आधी मैलांचा सोक्षमोक्ष लावू. मनोऱ्याच्या फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ काढा, तुमच्या अँटेनाच्या उंचीचं काढा, दोन्हींची बेरीज करून १.४१ ने गुणा. जे येईल तितक्या मैलांवर रेडिओलहरींचं क्षितिज. (हवेमुळे लहरी किंचित खाली वाकतात, तेही यात धरलेलं आहे.) शिकागोच्या विलिस टॉवरच्या डोक्यावरचे अँटेना जमिनीपासून साधारण १,७०० फुटांवर. तुमचा पाइप ३० फूट. उत्तर येतं ६६ मैल. म्हणजे आमचं गाव क्षितिजाच्या नऊ मैल पलीकडे. तिथे सिग्नल एकदम शून्य होत नाही, पृथ्वीच्या फुगवट्यावरून थोडा वळून येतो, पण दर मैलागणिक झपाट्याने मरत जातो. आता हाच हिशेब १५० मैलांसाठी उलटा करून बघा. मनोरा दहा हजार फूट उंच हवा! अमेरिकेतले सर्वांत उंच टीव्ही मनोरे दोन हजार फुटांच्या आसपास आहेत. उरलेले आठ हजार फूट खोक्यावर छपाई करणाऱ्याने आणून द्यावेत.

दुसरी गोष्ट म्हणजे चॅनेलचे नंबर. पडद्यावर दिसणारा नंबर आणि स्टेशन प्रत्यक्ष ज्या चॅनेलवरून प्रसारण करतं तो, यांचा आता संबंध उरलेला नाही. शिकागोचं सीबीएस स्वतःला '२' म्हणवतं आणि येतं १२ वरून, म्हणजे व्हीएचएफवरून. बाकीची बरीचशी मोठी स्टेशनं यूएचएफवर. त्यामुळे नुसता यूएचएफचा उत्तम अँटेना लावलेला माणूस 'सगळं येतं, फक्त सीबीएस येत नाही' म्हणून कपाळाला हात लावून बसतो. यात सामान्य माणसाला हसण्यात अर्थ नाही. १२ जून २००९ ला इथली मोठी स्टेशनं पूर्णपणे डिजिटल झाली, तेव्हा शिकागोचं एबीसी आपल्या जुन्या ७ नंबरवरच राहायला गेलं. घरोघरी चित्र गायब झालं, तक्रारींचा पाऊस पडला आणि शेवटी त्यांना यूएचएफमध्ये जागा शोधावी लागली.

गराज सेलमध्ये मिळणाऱ्या जुन्या अवाढव्य अँटेनांबद्दलही इथेच सांगतो. ते ६९ चॅनेलपर्यंतच्या जमान्यातले. वरचा पट्टा मोबाइल कंपन्यांना विकून झाला आणि २०२० पासून टीव्हीला यूएचएफमध्ये १४ ते ३६ एवढंच अंगण उरलं, म्हणजे ४७० ते ६०८ मेगाहर्ट्झ. यागी जातीच्या अँटेनाचा जोर त्याच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला सर्वाधिक असतो. म्हणजे त्या जुन्या धुडाची खरी ताकद आता जिथे टीव्ही उरलेलाच नाही तिथे खर्च होते. दिसतो मात्र रुबाबदार.

आता पैशाचा हिशेब. मध्यम आणि खूप महाग अँटेनात फरक किती, तर तीन-चार डेसिबलचा. अँटेना दुप्पट केला तरी जास्तीत जास्त तीन डेसिबल मिळतात, हा निसर्गनियम आहे, त्याला कुठलाही ब्रँड अपवाद नाही. आणि गमावतो किती? शंभर फूट आरजी-६ केबल यूएचएफला पाचेक डेसिबल खाते. दोन टीव्हींसाठी स्प्लिटर लावला की आणखी साडेतीन. म्हणजे शंभर डॉलर जास्त देऊन वर जे कमावलं त्याच्या दुप्पट खाली सांडलं. उलट सपाट मुलखात अँटेनाची उंची दुप्पट केली तर पुस्तकी हिशेबाने सहा डेसिबल मिळतात. पैसे पाइपात घाला, असं मी म्हणतो ते यासाठी. आणि बूस्टर लावायचाच तर तो वर, अँटेनाला खेटून. टीव्हीच्या मागे लावलेला बूस्टर केबलमधून सांडून उरलेलंच मोठं करतो, आणि त्याबरोबर खरखरही.

हे ज्ञान काही मला अमेरिकेत झालेलं नाही. माझं लहानपण श्रीवर्धनचं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आमच्याकडे टीव्ही आला त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच, आमच्यापासून सरळ रेषेत एकशेदहा किलोमीटर, तोही क्षितिजापलीकडेच. पण मुंबई होती चॅनेल ४ वर, ६१ ते ६८ मेगाहर्ट्झ. या लांब लहरी वळणं बऱ्यापैकी घेतात. त्यांना काड्याही तशाच लांब लागत, सव्वादोन मीटरच्या, माणसापेक्षा उंच. गावात कुणीही दुकानदाराला मैल विचारत नव्हतं. पाइप किती फुटी, एवढंच विचारत. एक जण कौलांवर पाइप फिरवणार, एक जण अंगणात, एक टीव्हीपुढे. "आलं का?" "आलं... आलं... गेलं!" रविवारच्या सिनेमाआधी प्रत्येक आळीत हा संवाद चाले. त्यातून जे चित्र येई त्यात मुंग्या असत, पण मुंग्यांतूनही नायिका ओळखू येई आणि तेवढ्यावर माणसं खूश असत. दूरदर्शनने जमिनीवरचं ॲनालॉग प्रक्षेपण मोजकी ठिकाणं सोडून २०२२ पर्यंत बंद केलं. ते पाइप आता कपडे वाळत घालायला उपयोगी पडतात.

मुंग्यांची आठवण मुद्दाम काढली. ॲनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की चित्र हळूहळू खराब होई, आपल्याला आधीच कळे. डिजिटलला ही माणुसकी नाही. सिग्नल गोंगाटापेक्षा साधारण पंधरा डेसिबल वर असला की स्वच्छ, लखलखीत चित्र, आणि एक डेसिबल खाली गेला की चौकोनी ठोकळे किंवा काळोख. म्हणून 'आलं' म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत, किती शिल्लक ठेवून आलं ते बघायचं. रॅबिटइअर्स नावाच्या संकेतस्थळावर तुमच्या घराची जागा आणि अँटेनाची उंची टाकली की प्रत्येक स्टेशनचा अंदाज डेसिबलमध्ये मिळतो. मी तरी दहा डेसिबल शिल्लक दिसल्याशिवाय कुणाला पाइप घ्यायलासुद्धा सांगत नाही.

ही शिल्लक कुठे जाते? झाडांत जाते. जानेवारीत बसवलेला अँटेना मे महिन्यात पानं फुटली की रुसतो, पाऊस पडून पानं ओली झाली की आणखीच. आणि याच्या उलट फसवणूक उन्हाळ्यातल्या शांत रात्री होते. जमिनीलगत थंड हवा, वर उबदार, अशी रचना झाली की लहरी त्या थरात सापडून नळातून वाहाव्यात तशा वाहत जातात. मिशिगन सरोवराकाठी हे नेहमीचंच. आपल्या अरबी समुद्रावर तर याचा विक्रमच नोंदलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारला पावसाळ्याआधीच्या उन्हाळ्यात हजार मैलांहून लांबच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी येत. त्या रडारच्या खोक्यावर कुणी मैल छापले नव्हते! तेव्हा एखाद्या जुलैच्या रात्री तुमच्या पानाएवढ्या कागदावर शिकागो दिसलं, तर आनंद जरूर घ्या, पण त्या भरवशावर केबल बंद करू नका.

आमच्या इथल्या एका गृहस्थांचं उदाहरण देतो. त्यांनी आधी २०० मैलांचा कागद घेतला, मग तशाच दाव्याचा मोटरवाला, मग बूस्टर. तीनही माळ्यावर, छताखाली. शेवटी आम्ही दोघांनी मिळून ३० फुटी पाइप उभा केला, त्याचं अर्थिंग नीट केलं (हे टाळू नका, इथल्या विजा कोकणातल्याइतक्याच कडक), वर आठ बो-टायवाला साधा यूएचएफ अँटेना, त्याच्या चार फूट खाली ७ ते १३ साठी वेगळी यागी. त्यांना शिकागो मिळतं. रोज मिळतं असं नाही, पण बहुतेक रोज.

आणि इथे मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो, जो खरं तर पहिला विचारायला हवा. हे सगळं कशासाठी? दूरचं शहर ही हौस आहे, ती जरूर करावी, मीही करतो. पण या सपाट मुलखात वसंतात टॉर्नेडो येतात. वीज जाते, तिच्याबरोबर इंटरनेट जातं, मोबाइलचा काही नेम नसतो. त्या वेळी स्थानिक स्टेशन चालू कार्यक्रम थांबवून वादळ कुठल्या रस्त्यावर आलंय ते सांगत असतं. ते स्टेशन जवळचंच लागतं आणि ते यायलाच लागतं. शिकागोकडे तोंड केलेल्या अरुंद नजरेच्या अँटेनाला मागचं, बाजूचं दिसत नाही, आणि एकाच केबलवर दोन दिशांचे अँटेना जोडले की एकमेकांच्या पायात पाय घालतात.

म्हणून आमच्याकडे दोन वेगळ्या केबल आहेत. वरचा मोठा शिकागोचा, त्याच्याशी मुलगी सुट्टीत आली की खुशाल प्रयोग करते. दुसरा छोटा, चाळीस डॉलरचा, जवळच्या स्टेशनकडे तोंड करून भिंतीला बोल्टने आवळलेला. त्याची केबल तळघरात बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या टीव्हीला जाते. त्याला स्प्लिटर नाही, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, असं घरात सांगून ठेवलेलं आहे.