रेंगाळणारा विषाणू आणि जुनी औषधे

टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींचा नाश शरीराची प्रतिकारयंत्रणाच करते. तिला स्वतःच्या पेशींवर कोण उठवते, हे अजून पक्के सिद्ध झालेले नाही. मात्र संशय सर्वाधिक वेळा एन्टेरोव्हायरसवर, त्यातही कॉक्सॅकीव्हायरस बी गटावर गेला आहे. कीटोअ‍ॅसिडोसिसने दगावलेल्या एका दहा वर्षांच्या मुलाच्या स्वादुपिंडातून हा विषाणू वेगळा करून तो उंदरांना टोचला, तेव्हा त्यांचीही साखर वाढली. हे निरीक्षण १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले.

तीव्र संसर्गात हा विषाणू पेशी फोडून बाहेर पडतो. स्वादुपिंडात त्याची दुसरी चालही दिसते. जनुकीय धाग्याच्या सुरुवातीचा थोडा भाग गळालेले विषाणू अगदी मंद गतीने वाढतात, पेशी मारत नाहीत आणि इंटरफेरॉनचा प्रतिसाद मात्र धगधगता ठेवतात. त्यामुळे पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए वर्ग १ ची प्रथिने वाढतात आणि ती पेशी टी-पेशींच्या नजरेत भरते. नॉर्वेतील डिव्हिड अभ्यासात नुकतेच निदान झालेल्या सहा प्रौढांच्या स्वादुपिंडाच्या शेपटाकडील तुकडा तपासला गेला, आणि सहाही जणांच्या आयलेटमध्ये, म्हणजे बीटा पेशी असलेल्या पेशीपुंजांत, विषाणूच्या कवचातील व्हीपी-१ हे प्रथिन आढळले. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतींमुळे तो अभ्यास तिथेच थांबवावा लागला. पुरावा एवढा दुर्मीळ का, याचे उत्तर त्यातच आहे.

विषाणू रेंगाळत असेल, तर निदानानंतरही त्याच्यावर औषध चालवता येईल, या तर्कावर पुढची पावले पडली. प्लेकोनारिल हे औषध सर्दीसाठी तयार झाले होते. ते विषाणूच्या कवचातील खोबणीत बसते आणि कवच उलगडू देत नाही. सर्दीसारख्या किरकोळ आजारासाठी त्याचा लाभ तोकडा ठरला. शिवाय यकृतातील सायटोक्रोम ३ए४ चेतवून ते गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करू शकत होते. २००२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता नाकारली गेली. नॉर्वे आणि डेन्मार्कमधील संशोधकांनी तेच औषध रायबाव्हिरिन या दुसऱ्या विषाणूविरोधी औषधाच्या जोडीने ६ ते १५ वर्षांच्या ९६ मुलांवर तपासले. निदानानंतर थोड्याच आठवड्यांत उपचार सुरू झाले आणि सहा महिने चालले. वर्षअखेरीस सी-पेप्टाइडची, म्हणजे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते हे दाखवणाऱ्या घटकाची, सरासरी औषध घेणाऱ्यांत ०.५७, तर प्लासिबो गटात ०.४५ नॅनोमोल प्रति लिटर होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा फरक लहान आहे. पण विषाणूविरोधी औषधाने बीटा पेशींची घसरण मंदावू शकते, असे यादृच्छिक चाचणीत दिसणे ही मोठी गोष्ट आहे. विषाणू स्वादुपिंडातून खरेच गेला का, हे त्या मुलांमध्ये पाहता येणार नव्हते.

फ्लुऑक्सेटिनची गोष्ट अधिक सावधपणे वाचावी लागते. नैराश्यावरचे हे परिचित औषध विषाणूच्या २सी प्रथिनाला अडवते. कॉक्सॅकीव्हायरस बी-४ चा दीर्घ संसर्ग असलेल्या मानवी स्वादुपिंडाच्या पेशींतून त्याने प्रयोगशाळेत विषाणू नाहीसा केला. पुढे त्याच पद्धतीच्या प्रयोगांत औषधाला न जुमानणारे विषाणूही निपजले. एकट्या औषधावर विसंबण्याचा धोका क्षयरोग आणि एचआयव्हीवर उपचार करणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. शिवाय पेशींच्या थाळीत लागणारे प्रमाण नेहमीच्या मात्रेत रक्तात मिळतेच असे नाही, आणि फ्लुऑक्सेटिनचा रक्तशर्करेवर स्वतःचाही परिणाम होतो.

जुन्या औषधाची सुरक्षितता त्याच्या जुन्या मात्रेपुरती, जुन्या मुदतीपुरती आणि जुन्या रुग्णांपुरती माहीत असते. रायबाव्हिरिनने हिमोलिटिक अ‍ॅनिमिया होतो, गर्भावर गंभीर दुष्परिणाम होतात. वयात येणाऱ्या मुलीला ते देताना गर्भनिरोधाचा प्रश्न आधी सोडवावा लागतो, आणि जोडीला प्लेकोनारिल असेल तर तो आणखी अवघड होतो. म्हणून ही औषधे नियंत्रित चाचणीबाहेर टाइप १ च्या रुग्णाला लिहून देणे आज समर्थनीय नाही, मग फ्लुऑक्सेटिन गल्लीतल्या दुकानात मिळत असले तरी. चाचण्या मात्र व्हायलाच हव्यात: दोन-तीन औषधांच्या जोडीने, निदानाच्या पहिल्या आठवड्यांत, आणि जमल्यास त्याही आधी, ऑटोअँटिबॉडी दिसत असताना पण साखर अजून बिघडलेली नसताना.