व्हरांड्यातले वाङ्मय : नागरी हक्कांच्या मराठी संहिता आणि आपली समीक्षा

१

दलित साहित्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य यांची तुलना मराठी समीक्षेत आता अर्धशतकाची झाली आहे. म. ना. वानखडे अमेरिकेतून परतले, ‘अस्मितादर्श’ने ती चर्चा वाढवली, जनार्दन वाघमारे यांनी तिला अभ्यासाची बैठक दिली आणि शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात तिला सिद्धान्ताच्या पातळीवर नेले. या पिढीचे ऋण मान्य करूनच पुढील आक्षेप नोंदवायचा आहे. ही तुलना पुढे विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिकांत स्थिरावली आणि स्थिरावता स्थिरावता वेदना, विद्रोह, नकार या तीन शब्दांत आटून गेली. दोन्हीकडे वेदना आहे, दोन्हीकडे नकार आहे, म्हणून दोन्ही साहित्ये सजातीय, असे हे अनुमान आहे. त्यात एक गोष्ट गळाली आहे, आणि तिच्या अभावी तुलनेचा पायाच ढासळतो. ती गोष्ट म्हणजे कायदा.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा हा मूलतः नागरी हक्कांचा लढा होता. होमर प्लेसी १८९२ साली लुइझियानात गोऱ्यांच्या डब्यात बसला तो अटक व्हावी आणि कायद्याची कसोटी लागावी, याच हेतूने. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे सूत्र मान्य करून त्याच्याविरुद्ध निकाल दिला. ते सूत्र शाळांपुरते मोडण्यासाठी १९५४ चा ब्राउन खटला लागला, आणि सार्वजनिक जागांतील भेदाभेद निषिद्ध ठरवण्यासाठी १९६४ चा नागरी हक्क कायदा. त्या साहित्यातील क्रोधामागे अर्ज, दावे आणि निकाल यांची ही दीर्घ परंपरा उभी आहे. ज्या ब्लॅक पँथरांचे नाव १९७२ साली मुंबईत दलित पँथरने घेतले, ते पोलिसांवर नजर ठेवायला निघत तेव्हा बंदुकीबरोबर कायद्याचे पुस्तकही जवळ बाळगत. आपल्या समीक्षेने बंदूक पाहिली, पुस्तक पाहिले नाही.

डॉ. आंबेडकरांनी मात्र ते पाहिले होते. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे वाचनात आले, त्याच्या प्रती मिळाव्यात, ही त्यातील मागणी. ड्यु बॉइस हे निबंधकार आणि कादंबरीकारही होते. पण आंबेडकरांनी त्यांच्याकडे कादंबरी मागितली नाही, कविता मागितली नाही. मागितला तो अर्ज. दोन्ही समाजांमधील या सर्वांत थेट संवादाचा विषय एक कायदेशीर संहिता होती, ही बाब आपल्या तुलनात्मक समीक्षेला विचारार्ह वाटू नये, याला योगायोग म्हणता येत नाही. अर्ज हा वाङ्मयप्रकारच नव्हे, ही आपली न तपासलेली धारणा त्याच्या मुळाशी आहे.

२

ही धारणा काय करते ते पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात मुरुड हे समुद्रकाठचे गाव आहे. मराठी वाचकाला ते ठाऊक आहे ते धोंडो केशव कर्वे यांच्यामुळे. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी पुण्यात गोदूबाई या विधवेशी विवाह केला. विधवाविवाह १८५६ च्या कायद्याने वैध होऊन तोवर छत्तीस वर्षे लोटली होती. तरीही मुरुड गावाने कर्व्यांवर बहिष्कार घातला आणि त्यांना घरात घेतल्यास घरच्यांवरही तो येईल, अशी तजवीज केली. कायदा एका बाजूला आणि गाव दुसऱ्या बाजूला, असा हा पेच होता. कर्व्यांनी तो ‘आत्मवृत्त’ (१९१५) या ग्रंथात संयमाने नोंदवला; गोदूबाईंनी, म्हणजे आनंदीबाई कर्व्यांनी, ‘माझे पुराण’ (१९४४) मध्ये आपली बाजू आपल्या ठसठशीत बोलीत सांगितली. दोन्ही ग्रंथांना मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात मानाचे स्थान मिळाले, आणि ते योग्यच आहे.

मुरुडहून दापोली दहा-बारा किलोमीटरवर आहे. तेथे इंग्रजी लष्करातून निवृत्त झालेल्या महार आणि चांभार पेन्शनरांची वस्ती होती. रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तेथेच राहिले. याच वस्तीत गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८६ नंतर आपले कार्य सुरू केले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले, पुढे ‘अनार्यदोषपरिहारक मंडळी’ स्थापन केली, ‘दीनबंधू’तून लेखन केले. १८९० च्या दशकाच्या पूर्वार्धात, म्हणजे नेमके कर्वे-विवाहाच्या आगेमागे, दापोलीच्या पेन्शनरांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून सरकारदरबारी अर्ज केले. सरकारी धोरण त्यांच्या बाजूचे होते, गाव नव्हते. अखेर मुलांना शाळा मिळाली आणि बसायला व्हरांडा मिळाला.

एकाच तालुक्यात, एकाच काळात, एकाच जातीचे दोन पेच उभे राहिले. दोन्हीकडे कायद्याने दिलेले गावाने काढून घेतले. पहिल्या पेचाचा मजकूर आज वाङ्मय आहे. दुसऱ्याचा मजकूर दप्तर आहे. तो इतिहाससंशोधकाने उलगडावा आणि समीक्षकाने फार तर तळटीपेत उल्लेखावा. शाळेत घेतले पण वर्गात घेतले नाही, हे जे दापोलीच्या मुलांचे झाले, तेच त्यांच्या बापांच्या मजकुराचे मराठी वाङ्मयेतिहासात झाले आहे.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. हा कर्व्यांवरील आरोप नव्हे. वयाच्या ऐंशीनंतर, १९४४ साली, त्यांनी समता संघ स्थापन केला आणि ‘मानवी समता’ हे नियतकालिक चालवले. आपले कार्य एका वर्गाच्या स्त्रियांपुरते राहिले याची जाण त्यांना स्वतःला आली होती. ती जाण त्यांच्या वाचकांना, म्हणजे आपल्याला, आलेली नाही.

३

यावर अपेक्षित आक्षेप असा : अर्ज, दावा, ठराव यांना वाङ्मय म्हटले तर वाङ्मयाची व्याख्याच उरणार नाही, उद्या महसुली सातबाराही वाङ्मय ठरेल.

आक्षेप वरकरणी बिनतोड आहे. परंतु मराठी वाङ्मयेतिहासाचा व्यवहार पाहिला की त्याचा पोकळपणा दिसतो. बखरी या बहुधा कोणाच्या तरी हुकुमावरून लिहिलेल्या माहितीच्या संहिता आहेत. आपण त्यांना प्राचीन गद्य म्हणून शिकवतो. कैफियती आणि करीने यांच्या भाषेची आपण वाखाणणी करतो. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ ही राज्यव्यवहाराची संहिता आहे. ते गद्यशैलीचा नमुना म्हणून पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासक्रमात आहे. म्हणजे व्यावहारिक आणि शासकीय मजकूर वाङ्मयात बसतो, याविषयी आपला वाद कधीच नव्हता. राज्यकर्त्याची आज्ञा वाङ्मय होते. रयतेचा अर्ज तेवढा होत नाही. कोणाचे गद्य गद्य मानायचे, एवढाच प्रश्न उरतो. या निवडीला रूपवादी सिद्धान्ताचे पाठबळ नाही. तिला आहे तो केवळ सवयीचा आधार.

शिवाय अर्जाला स्वतःचा रूपबंध आहे आणि तो साधा नाही. त्यातील वक्ता ‘मी’ नसून ‘आम्ही’ असतो. श्रोता नेमका असतो आणि तो वक्त्यापेक्षा बलवान असतो. भाषा नम्र ठेवावी लागते आणि मागणी ठाम करावी लागते. एकाच वाक्यात वाकायचे आणि उभे राहायचे असते. वलंगकरांचेच उदाहरण घेऊ. ज्या संघटनेच्या नावात ते स्वतःला ‘अनार्य’ म्हणवतात, तिच्याच वतीने लष्करात महारांची भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ साली सिद्ध केलेल्या विनंतिपत्रात ते आपण मूळचे क्षत्रिय असल्याचे प्रतिपादन करतात. ‘विटाळ विध्वंसन’मध्ये श्रोता सवर्ण समाज आहे, तेथे ते प्रश्नांमागून प्रश्न टाकून त्याच्याच धर्मग्रंथांची उलटतपासणी करतात. विनंतिपत्रात श्रोता लष्करी अधिकारी आहे. तेथे ते त्याला कळेल अशी वंशावळ मांडतात. याला विसंगती म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु श्रोता बदलताच निवेदकाची ओळख बदलते, आणि त्या दोन ओळखींमधील ताण संहितेत मुरतो, हा तर समीक्षेचा खास प्रांत. कादंबरीतील निवेदकाबाबत आपण असे प्रश्न हौसेने विचारतो. विनंतिपत्राबाबत विचारत नाही, कारण ते आपण वाचतच नाही.

४

ही उपेक्षा केवळ यादीतील एका नावाची असती तर एवढा वाद घालण्याचे प्रयोजन नव्हते. तिचा परिणाम आपल्या वाचनावर झाला आहे.

महाडचे चवदार तळे मराठी कवितेत कितीदा आले असेल, याची मोजदाद नाही. २० मार्च १९२७ ची ओंजळ प्रतीक झाली. परंतु महाडचा लढा त्या ओंजळीने सुरू झाला नाही आणि संपलाही नाही. आधी सी. के. बोले यांचा १९२३ चा विधिमंडळातील ठराव आणि त्याला अनुसरून १९२४ साली नगरपालिकेने केलेला ठराव होता. सत्याग्रहानंतर तो नगरपालिकेने मागे घेतला. १२ डिसेंबर १९२७ रोजी सवर्णांनी आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला, दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला, आणि मग जवळजवळ दहा वर्षे खटला चालला. महाडच्या न्यायालयात १९३१ साली, ठाण्याच्या अपिलात १९३३ साली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

निकालाचा आधार येथे महत्त्वाचा आहे. माणसे समान आहेत म्हणून तळे खुले, असे न्यायालयाने म्हटले नाही. मज्जावाची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. याचा अर्थ रूढी पुरेशी जुनी ठरली असती तर कदाचित कायद्याने ती राखली असती. समतेचे तत्त्व कायद्यात यायला संविधानाची कलमे १५ आणि १७ यावी लागली. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा यावा लागला. आणि त्याला ‘नागरी हक्क संरक्षण’ हे नाव मिळायला १९७६ साल उजाडले. ओंजळीचे प्रतीक ही सगळी वाट झाकून टाकते. पाणी प्यायले आणि क्रांती झाली, असे वाटू लागते. एका ओंजळीसाठी दहा वर्षे तारखा पडल्या, हे कवितेने सांगितलेच पाहिजे असे नाही. समीक्षेने मात्र सांगायला हवे होते.

वेदनेच्या परिभाषेने केलेली हानी याहून खोल आहे. वेदना वाचून वाचक हळहळतो. हळहळणे त्याला परवडते, कारण त्यात त्याच्याकडे कोणी काही मागत नसते. अर्ज वाचताना तो श्रोत्याच्या जागी उभा राहतो, म्हणजे ज्याने द्यायचे आहे त्याच्या जागी. दावा वाचताना तो प्रतिवादी होतो. दलित आत्मकथनांना मराठी मध्यमवर्गाने जो उदार प्रतिसाद दिला, त्यामागे ही सोय होती, असे म्हणणे कटू असले तरी टाळता येत नाही. ‘अक्करमाशी’ (१९८४) मधील बापाच्या नावाचा प्रश्न आपण अस्तित्वाचा प्रश्न म्हणून वाचला. तो नागरिकत्वाचाही प्रश्न आहे : ज्याच्या नावापुढचा रकाना भरता येत नाही, त्याला शासन कोण म्हणून ओळखते? ‘उपरा’ (१९८०) मधील जातपंचायत आपण लोकजीवनाचे चित्रण म्हणून वाचली. ती एक समांतर न्यायसंस्था आहे आणि तिचे निकाल राबवले जातात.

५

शेवटी पुन्हा मुरुडकडे येऊ. कर्व्यांवरील बहिष्कार ही इतिहासजमा गोष्ट म्हणून आपण वाचतो. परंतु बहिष्काराविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ साली केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली, दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर, घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा व्हायला २०१६ साल लागले, आणि तो व्हायला ज्या तक्रारी कारणीभूत झाल्या त्यांत कोकणातील गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी ठळक होत्या. या तक्रारी मराठीत लिहिलेल्या आहेत. त्यांत ‘आम्ही’ आहे, गाव आहे, भय आहे, आणि मागणी आहे. मराठी गद्याच्या अभ्यासकाने त्या वाचल्या नाहीत तर त्याचे गद्याविषयीचे ज्ञान अपुरे राहील, एवढेच माझे म्हणणे.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना. ती कृष्णवर्णीयांच्या दुःखाला वाहिलेली सहानुभूती नव्हती. एका कायद्याने बदललेल्या वस्तुस्थितीचा तो गौरव होता, आणि येथल्या वाचकाला दिलेले आव्हानही. तुलनेचा आरंभ तेथे झाला होता. वलंगकरांना वर्गाबाहेर ठेवून ती तुलना पुढे चालवता येणार नाही. पुढील अभ्यासक्रमाची चर्चा होईल तेव्हा ‘आज्ञापत्रा’शेजारी ‘विटाळ विध्वंसन’ ठेवावे आणि विद्यार्थ्यांना दोन्हींतील श्रोता कोण, एवढा एकच प्रश्न विचारावा.