परवानगी नको, तयारी हवी



गेल्या महिन्यात हिंगण्याच्या आमच्या मंडळाच्या बैठकीत एक साधा विषय निघाला. झिल्पीच्या तलावावर एक दिवस पायी जाऊन यावे. थोडे अंतर बसने, उरलेले चालत. तलावाच्या काठी भाकरी सोडायची आणि दिवस मावळायच्या आत घरी परतायचे. मोर्चा नाही, शिबिर नाही, नुसते जायचे.

अर्ध्या तासात या विषयाचे काय झाले पाहा. एक जण म्हणाली, दोन कार्यकर्ते भाऊ सोबत असू द्या. दुसरी म्हणाली, पोलीस ठाण्यात आधी कळवून ठेवू. तिसरी म्हणाली, तिथे आरोग्यावर एक व्याख्यान ठेवू, म्हणजे घरी सांगायला बरे. शेवटी ठरले ते असे : गाडी करायची, एक माहितगार माणूस बरोबर घ्यायचा, व्याख्यान ठेवायचे आणि चारच्या आत परत यायचे. चालणे तेवढे गळून पडले.

इतिवृत्तात ‘ठराव एकमताने मंजूर’ असे लिहिले आहे. ते खरे नाही. माझे मत विरुद्ध होते. ते नोंदवायचे राहिले, म्हणून इथे नोंदवते. आणि माझे भांडण घरच्या पुरुषांशी नाही, पोलिसांशी नाही. ते आपल्या स्वतःशी आहे.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या मध्यात आम्ही पाच जणी हेमकुंडला गेलो होतो. एक अंगणवाडी सेविका, दोघी एमआयडीसीतल्या कामगार, एक शिवणकाम करणारी वहिनी आणि मी. वाटाड्या नाही, सहल कंपनी नाही, पुरुष नाही. हेमकुंड म्हणजे उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यातला, ४३०० मीटरच्या वरचा हिमनदीचा तलाव. असा तलाव आपल्या महाराष्ट्रात एकही नाही. सह्याद्री लाव्हारसाचा, लोणारचा खड्डा उल्केचा आणि आपल्या पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव माणसांनी बांध घालून अडवलेले. बर्फाने डोंगर कोरून केलेला तलाव एकदा डोळ्यांनी बघावा, एवढाच आमचा हेतू होता.

खरे तर आम्ही सहा जणी निघणार होतो. सहावी एका कारखान्यात पॅकिंगचे काम करणारी तेवीस वर्षांची मुलगी. सगळी आखणी तिची. गाड्यांच्या वेळा, हरिद्वारहून पहाटे सुटणारी बस, गोविंदघाट, पुलना, तिथून घांघरियापर्यंतची दहाएक किलोमीटरची पायवाट, दुसऱ्या दिवशी घांघरियाहून तलावापर्यंत सहा किलोमीटर चढ आणि त्याच दिवशी परत, हे सगळे तिने वहीत उतरवून काढले होते. तलावापाशी रात्री मुक्काम करता येत नाही, म्हणून दुपारी खाली निघावेच लागते, हेही तिनेच शोधले. निघायच्या चार दिवस आधी तिचा भाऊ माझ्याकडे आला. वाईट माणूस नाही. नीट बसला, चहा घेतला आणि म्हणाला, “ताई, पोरीले एवढ्या दूर पाठवू काय? काही झालं तर जबाबदारी कोन घेईन?” ती आली नाही. तिची वही आमच्याबरोबर आली.

वाटेत आम्हाला एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला : “सोबत माणूस कोण?” रेल्वेत, बसमध्ये, चहाच्या टपरीवर. मी मोजले, अकरा वेळा. एका गावात लॉजवाल्याने खोली द्यायला नकार दिला. जबाबदार माणसाचे नाव लिहावे लागते म्हणाला. आमची वहिनी आपल्या नागपुरी हिंदीत त्याला म्हणाली, “पाच माणसं उभी आहेत ना भाऊ तुमच्यापुढे, मोजून घ्या.” खोली मिळाली नाही ती नाहीच. धर्मशाळेत झोपलो.

दुसरा प्रश्न होता, “दर्शनाला चालल्या का?” हो म्हटले की सगळ्यांचे चेहरे सैल व्हायचे. हेमकुंडला शिखांचा गुरुद्वारा आहे, लक्ष्मणाचे मंदिर आहे. सुरुवातीला आम्ही खरे सांगायचो की तलाव बघायला आलो. मग पुढची चौकशी सुरू व्हायची. तिसऱ्या दिवसापासून आम्ही सरळ ‘हो, दर्शनाला’ म्हणू लागलो. मला त्याची लाज वाटते. कारण तिथेच मला आपल्या बैठकीतल्या त्या व्याख्यानाचे मूळ सापडले.

बाईने चालू नये असे आपला समाज कधीच म्हणत नाही. बाईने पाण्याला चालावे, सरपणाला चालावे, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला आणि मोहफुलाला पहाटे जंगलात चालावे. वारीत पंढरपूरपर्यंत चालावे. हिंगण्याच्या रस्त्यावर सकाळी सातला डबा घेऊन कारखान्याकडे जाणाऱ्या बायांची रांग कुणाला खटकत नाही. डोक्यावर हंडा असला, हातात डबा असला किंवा ओठांवर देवाचे नाव असले की रस्ता मोकळा. हात रिकामे असले की मात्र प्रश्न सुरू. बाईचे पाय दुसऱ्याच्या कामासाठी आहेत हे गृहीत आहे. घरी सांगायला बरे म्हणून आपण व्याख्यान जोडले तेव्हा आपणही तेच गृहीत धरले. मोर्च्यात ‘रस्ता आमचाही आहे’ म्हणायचे आणि तलावाकाठी नुसते बसायला मात्र सबब शोधायची, हे कसे चालेल?

आता सुरक्षिततेचा मुद्दा. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण विदर्भातल्या बायांनी तरी हा मुद्दा मांडताना १९७२ साल विसरू नये. मथुरेवर अत्याचार झाला तो रानात नाही, वाटेवर नाही. तो देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात झाला. ती आपल्या माणसांसोबत तिथे गेली होती. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. १९७९ साली चार कायदेतज्ज्ञांनी उघडे पत्र लिहिले, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. आपल्यापैकी कित्येक संघटना त्याच लाटेत जन्मल्या. आणि आज आपणच म्हणतो, आधी ठाण्यात कळवू! राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की बलात्काराच्या बहुतांश प्रकरणांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. आपल्याकडे येणाऱ्या बाया कुठून मार खाऊन येतात? तलावावरून की घरातून? तरी घरी राहू नकोस असे तिला कुणी सांगत नाही. बाहेर जाऊ नकोस असे मात्र सगळे सांगतात.

डोंगरावर धोका नसतो असे नाही. तिथे धोका खराखुरा असतो, म्हणूनच मला तिथे काही शिकता आले. पहाटे पाचला आम्ही घांघरियाहून निघालो. सहा किलोमीटरमध्ये हजार मीटरहून जास्त चढ. अटलाकोटीजवळ वाटेच्या दोन्ही बाजूंना बर्फ होता. हवा विरळ होत जाते, दहा पावलांवर छाती भरून येते. दोन तृतीयांश वाट झाल्यावर अंगणवाडीच्या ताईंचे डोके ठणकू लागले, उलटी झाली. सहाव्या मैत्रिणीच्या वहीत लिहिलेच होते : डोकेदुखी आणि उलटी असेल तर वर जायचे नाही, खाली उतरायचे. ताई दोन मिनिटे दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, “मी फिरते.” कारखान्यातली एक जण त्यांच्यासोबत उतरली. कुणी कुणाला समजावले नाही, कुणी रागावले नाही. आम्ही तिघी वर गेलो. तलावावर ढग उतरले होते, काठाला बर्फ होता. लंगरमध्ये गरम खिचडी आणि चहा मिळाला. शेजारी सत्तरीच्या पंजाबी आज्या काठी टेकत चढून आल्या होत्या. एकच्या आत आम्ही खाली निघालो.

याला मी तयारी म्हणते. केव्हा निघायचे, केव्हा फिरायचे, पिशवीत काय घ्यायचे, कोणत्या खुणेला थांबायचे, हे आधी माहीत करून घेणे आणि निर्णय आपला आपण करणे. परवानगी ही वेगळी गोष्ट. ती धोका कमी करत नाही. धोक्याचा हिशेब दुसऱ्याच्या हाती देते, एवढेच. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वरचा चोराबारी हा हिमतलाव फुटला आणि त्याच दिवसांत हेमकुंडच्या वाटेवरचा गोविंदघाटचा पूलही वाहून गेला. कोणासोबत पुरुष आहे आणि कोण विचारून आली आहे, हे पाण्याने पाहिले नाही. पावसाचा अंदाज पाहणे उपयोगी पडते, मालकाची सही नाही.

घांघरियाहून दुसरी वाट फुलांच्या खोऱ्यात जाते. तिथे जोन मार्गारेट लेग हिची समाधी आहे. लंडनच्या क्यू उद्यानासाठी वनस्पती गोळा करायला ती १९३९ साली आली आणि कड्यावरून घसरून गेली. ‘बघा, बाई गेली की असे होते’ असे म्हणणारे भेटतील. १९२४ साली एव्हरेस्टवर मॅलरी आणि आयर्विन गेले ते परत आले नाहीत. त्यावरून पुरुषांनी डोंगर चढू नये असा धडा कुणी काढला? पुरुष पडला की साहस, बाई पडली की उदाहरण. जपानच्या जुन्को ताबेईने १९६९ साली केवळ स्त्रियांचे गिर्यारोहण मंडळ काढले, तेव्हा मुले सांभाळा असेच तिला सुनावले गेले. १६ मे १९७५ रोजी ती एव्हरेस्टवर पोहोचली. तिच्याआधी तिथे एकही बाई पोहोचली नव्हती.

एवढ्या दूरचे नको असेल तर त्याच चमोलीतले घ्या. जोशीमठाहून नितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रैणी गाव आहे. २६ मार्च १९७४ रोजी गावातले पुरुष नुकसानभरपाईसाठी चमोलीला गेलेले असताना ठेकेदाराची माणसे जंगल तोडायला आली. गौरादेवी आणि तिच्यासोबतच्या बाया जाऊन झाडांना भिडल्या. माहितगार पुरुष येईपर्यंत थांबल्या असत्या तर ते जंगल उभे राहिले नसते. त्यांना हिंमत कुठून आली? रानाची प्रत्येक वाट त्यांच्या पायाखालची होती. ज्या वाटेवर आपण कधी चाललोच नाही, ती उद्या कुणी हिसकावली तर आपल्याला कळणार तरी कसे?

शेवटचा आक्षेप आपल्यातल्याच काही जणी घेतात. ही चैन आहे, पोट भरलेल्यांची हौस. पोरींना रोजगार नाही, आणि तुम्ही तलाव काय बघता? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण २०२४ च्या सरकारी वेळवापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २८९ मिनिटे घालवतात, आणि ते करणारे पुरुष ८८. हे जे दोनशे मिनिटांचे अंतर आहे ते कष्टकरी बाईच्याच अंगावर पडते. नाक्यावर, पानठेल्यावर, पुलाच्या कठड्यावर रिकामे बसलेले पुरुष काही श्रीमंत नसतात. त्यांच्या बसण्याला कुणी चैन म्हणत नाही. मग मजूर बाईचा एक रविवारच तेवढा चळवळीच्या हिशेबात का बसत नाही? आपण मजुरी मागितली, सातबाऱ्यावर नाव मागितले. मोकळा दिवस मागायला मात्र आपली जीभ अडते.

मी स्वतःही धुतल्या तांदळासारखी नाही. हेमकुंडला जाण्याआधी मी घरी सांगितले नव्हते, विचारले होते. होकार मिळाला म्हणून तो फरक मला तेव्हा जाणवला नाही. त्या सहाव्या मुलीला नकार मिळाला तेव्हा जाणवला.

आणि आता ज्यासाठी हे सगळे लिहिले ते सांगते. परवाच्या बैठकीत झिल्पीचा विषय मांडला तो तिनेच. हिमालय हुकला, निदान तालुक्यातला तलाव तरी चालत जाऊन बघू, म्हणाली. पुन्हा वही आणली होती. बसच्या वेळा, चालायचे अंतर, पाण्याच्या बाटल्या, परतीची वेळ, सगळे लिहून. कुणी ती वही उघडली नाही. तिचा भाऊ त्या खोलीत नव्हता. तरी तेच वाक्य आपल्यापैकी एकीने उच्चारले, “काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?” वाक्य तेच, फक्त शुद्ध भाषेत. मुलीने वही मिटून पिशवीत ठेवली. त्या वेळी मी तिच्याकडे पाहू शकले नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत मी ठराव फेरविचारासाठी मांडणार आहे. गाडी रद्द, व्याख्यान रद्द, सोबतीचे भाऊ रद्द. मंडळाने नाही म्हटले तरी त्यानंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता मी हिंगण्याच्या बस थांब्यावर उभी असेन. बूट किंवा मजबूत चप्पल, दोन बाटल्या पाणी, भाकरी, डोक्याला रुमाल आणि औषधाची पुडी एवढे बरोबर हवे. पुढे चालणार ती मुलगी, तिच्या वहीप्रमाणे. जिला अर्ध्या वाटेवर फिरावेसे वाटेल ती फिरेल, आणि एक जण तिच्यासोबत येईल. घरी सांगून या. विचारून येऊ नका.

जबाबदारी कोण घेणार, याचे उत्तरही इतिवृत्तात लिहून घ्या. आम्हीच घेऊ.