विहिरीच्या पाण्यावरचा वाद

हिवरे बाजारच्या ग्रामसभेपुढे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पडलेल्या पावसाचे मोजमाप घेऊन, पिण्याच्या पाण्याची तजवीज आधी करून, उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावीत हे तेथे ठरते, आणि सरासरी जेमतेम 400 मिलिमीटर पावसाच्या त्या मुलुखात शेतीसाठी बोअर घेण्यास गावाने आपणहून मनाई केली आहे. ज्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रौढ माणसे विज्ञानाचा प्रश्न असा चारचौघांत बसून सोडवतात, तेथील मुलांनी विज्ञानाच्या तासाला फळ्यावरचे उत्तर निमूटपणे उतरवून घ्यावे, याची मला मनापासून खंत वाटते.

आता वर्गात येऊ घातलेली कृत्रिम बुद्धिमत्ता तयार उत्तरेच पुरवू लागली, तर ही खोड अधिकच पक्की होईल. तिच्याकडून काम घ्यावे ते निराळे. शेजाऱ्याने बोअर घेतल्यावर आपल्या विहिरीचे पाणी का उतरते, यावर आठवीच्या मुलांनी आपापला तर्क कारणासह लिहावा. कोणी जमिनीखाली नदी वाहते म्हणेल, कोणी पाणी भेगांतून सरकते म्हणेल. त्या कागदांतून परस्परविरोधी तर्क निवडून, कोणाला कोणासमोर बसवावे आणि पुढे कोणता प्रश्न टाकावा, एवढे टिपण यंत्राने शिक्षकाच्या हाती द्यावे. हार्वर्डचे एरिक मेझर यांनी 1991 पासून विद्यार्थ्यांना आधी स्वतःचे उत्तर ठरवून मग ते शेजाऱ्याला पटवून देण्यास लावले, ते अशा यंत्रावाचूनच. पण पन्नास वह्या रातोरात वाचून काढणे एकट्या शिक्षकाला कसे साधावे?

निवाड्याचा अधिकार मात्र यंत्राला कदापि नसावा. मुख्यतः इंग्रजी मजकुरावर पोसलेले हे यंत्र भूजल म्हणताच वाळूच्या थरांचे वर्णन करू लागण्याचा संभव आहे; आपल्याकडे तर खाली काळा पाषाण, आणि पाणी असते ते त्यावरच्या मुरमात व खडकाच्या सांधीफटींत. वडिलांबरोबर गाळ काढायला विहिरीत उतरलेल्या मुलाने पाझर कोणत्या अंगाने येतो हे डोळ्यांनी पाहिलेले असते, आणि त्याची साक्ष वर्गात प्रथम नोंदली गेली पाहिजे.

एकच शिक्षक दोन वर्ग सांभाळतो अशा शाळांपासून जिल्हा परिषदेने या प्रयोगाची अंमलबजावणी सुरू करावी, यंत्राकडे मुलांच्या नावांऐवजी केवळ हजेरीक्रमांक जावेत, आणि वाद मिटला नाही तर मुलांनी दोर व मोजपट्टी घेऊन दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या सुमारास पुन्हा विहिरीची पातळी मोजून यावी. तोवर यंत्राला उत्तर सांगण्याची परवानगी नसावी.