वर्गाचे तास वर्गाला परत द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, शालेय शिक्षण विभागाचे सचिव, शिक्षण आयुक्त आणि सर्व जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र राज्य

विषय : प्राथमिक शाळेतील अध्यापनाचे तास अखंड मिळण्याबाबत

सन्माननीय महोदय, महोदया,



जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे. तिथे मी शिकवते. पहिली-दुसरी सहकारी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. पगार, बदली किंवा माझी सोय यांसाठी हे पत्र लिहीत नाही. आमच्या वर्गात दिवसभर नेमके काय चालते आणि त्यासाठीचा वेळ कसा हातातून जातो, हे आपल्यासमोर ठेवायचे आहे. शाळेबद्दलचे निर्णय आपण घेता. ते घेताना वर्गातला एक साधा दिवस आपल्या डोळ्यांसमोर असावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आमचा दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका झाली की मुले आपापल्या बातम्या सांगतात. कुणाची गाय व्यायली, ओढ्याला किती पाणी आले, कुणाच्या आत्याचे लग्न ठरले. त्यातली एक बातमी मी फळ्यावर मुलांच्याच बोलीत लिहिते. मग शेजारी पुस्तकी मराठीत तेच वाक्य. तिसरीची मुले ते वाचतात, जोडाक्षरांखाली रेघ मारतात आणि चौथीची मुले त्यात आणखी चार वाक्ये घालून वहीत लिहितात. पुस्तकातला धडा वाचताना अडखळणारा मुलगाही हे वाक्य वाचतो, कारण ते त्याने स्वतः सांगितलेले असते. अक्षरे लावत बसणे आणि अर्थ समजून वाचणे यांच्यामधला उंबरठा तो इथे ओलांडतो. मराठीचा तास असा परिपाठातच सुरू झालेला असतो.

त्यानंतर गणित. बेचाळीसमधून सतरा वजा करायचे. तिसरीतली निम्मी मुले पस्तीस लिहितात, कारण मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा एवढेच त्यांना ठाऊक असते. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. हे उत्तर नुसते खोडून भागत नाही. आम्ही काड्या काढतो. दहा-दहांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या. दोन सुट्यांतून सात कसे देणार, हा प्रश्न मुलांपुढे तसाच ठेवायचा आणि थांबायचे. कुणीतरी म्हणते, "बाई, एक गठ्ठा सोडू का?" गठ्ठ्याचे रबर निघते, बारा सुट्या काड्या होतात. त्यातून सात जातात, उरलेल्या तीन गठ्ठ्यांतून एक जातो. पंचवीस. मग तीच क्रिया वहीत मांडायची, मग दुसरे उदाहरण, मग काड्यांशिवाय तिसरे. एवढ्याला पाऊण तास लागतो. तो सलग मिळाला तर मूल हातचा घेणे जन्मभर विसरत नाही. मधेच तुटला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पस्तीस.

काड्यांचे हे गठ्ठे आणखी एका कामाला येतात. आपले मराठी संख्यावाचन एककापासून सुरू होते आणि लेखन दशकापासून, त्यामुळे पंचवीस ऐकून बावन्न लिहिणारी मुले दर वर्षी भेटतात. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातल्या संख्यावाचनाच्या पद्धतीवरून राज्यभर वाद झाला, तो याच अडचणीपोटी. कोणतीही पद्धत घेतली तरी दोन गठ्ठे आणि पाच काड्या मुलाच्या हाताखालून जाव्याच लागतात, आणि त्याला निवांत वेळ लागतो.

दुपारी खिचडी शिजते. पहिली ते पाचवीच्या मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ, असे शालेय पोषण आहाराचे प्रमाण आहे. हजेरी मोजून तांदूळ किती लागेल हे चौथीची मुले सांगतात. एकतीस मुले, तीन किलो शंभर ग्रॅम. तागडीत वजने टाकून ते पडताळून बघतात. एक दिवस दोन मुले उशिरा आली, तेव्हा एका मुलीने विचारण्याआधीच दोनशे ग्रॅम वाढवले. गुणाकार, वजनाची मापे आणि घरी परतल्यावर हिरडा विकताना आईची फसवणूक होऊ नये एवढे व्यवहारज्ञान, सगळे त्या एका तागडीत येते. आमच्याकडची बरीच कुटुंबे भातशेतीसोबत हिरडा गोळा करून विकतात. या मुलांना वजनकाटा वाचता येणे ही घरची गरज आहे.

परिसर अभ्यासाला आम्ही व्हरांड्यात खडूने वाडीचा नकाशा काढतो. आधी शाळा, मग सूर्य उगवतो ती बाजू, मग ओढा, देऊळ, पाण्याची टाकी, प्रत्येकाचे घर. वाडीवरून गाव, गावावरून तालुका, तालुक्यावरून जिल्हा. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळे आहे, ही बालभारतीची फार चांगली गोष्ट. पण पुस्तकातला जिल्हा मुलाच्या पायाखालच्या जमिनीशी जोडून द्यायचे काम शिक्षकालाच करावे लागते. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास आहे, आणि शिवनेरी आमच्याच तालुक्यात. नाणेघाटही आमचाच. तिथल्या लेण्यात सातवाहनांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गायींचे, नाण्यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. मी त्या चिन्हांची चित्रे मुलांना दाखवली. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी खूण, आणि शून्य कुठेच नाही. "मग एकशे पाच कसं लिहायचं?" असे चौथीतल्या एका मुलाने विचारले. शंभराची खूण आणि तिच्याजवळ पाचाची खूण, हे बघून झाल्यावर आपल्या १०५ मधले शून्य काय काम करते हे त्या वर्गाला पुन्हा सांगावे लागले नाही. तो तास इतिहासाचा होता की गणिताचा, हे वेळापत्रकाच्या तक्त्यात दाखवता येत नाही.

शेवटी इंग्रजीची कृतिगीते, छोट्या सूचना आणि त्यांवर हालचाली. मातीकाम किंवा चित्र. मैदानावर लंगडी, लगोरी. लंगडीचे गुण मुले स्वतः मांडतात, भांडण झाले तर नियम स्वतः ठरवतात. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी मैदानावर पंच होते आणि पुढच्या आठवड्यात परिपाठात बातमी सांगायला उभी राहते.

महोदय, हे आमच्याच शाळेत होते असे नाही. राज्यातल्या कितीतरी वर्गांत याहून चांगले चालते. या कामाची परंपराही आपल्याच मातीतली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरुवात केली आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये राहून शाळाच त्यांच्या कुरणांवर नेली. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी सृजन आनंद विद्यालय उभे केले. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. काय करावे हे आपल्याला माहीत आहे. ते करायला लागणारा सलग वेळ तेवढा राहिलेला नाही.

माझ्याकडे दोन इयत्ता आहेत. तिसरीला काड्या देऊन बसवते तेव्हा चौथीला स्वयंअध्ययन दिलेले असते, आणि उलट. दोन्हीकडे नजर ठेवत हा वर्ग चुलीवरच्या दोन भाकऱ्यांसारखा सांभाळावा लागतो. एवढ्यात फोन वाजतो. अमुक माहिती बारा वाजेपर्यंत भरायची आहे, लिंक पाठवली आहे, अतितातडीचे आहे. वाडीवर रेंज नाही, म्हणून फोन घेऊन टेकाडावर जावे लागते. परत येईपर्यंत गठ्ठे विस्कटलेले असतात, पाऊण तास गेलेला असतो. त्या लिंकमधली पटसंख्या, आधार, खोल्या, शौचालये ही माहिती यूडायस या शाळांच्या माहितीच्या सरकारी प्रणालीत आधीच दिलेली असते. नंतर कुठल्या तरी सप्ताहाचे फोटो हवे असतात. मग प्रशिक्षण, मग बैठक, मग सर्वेक्षण. दोघांपैकी एक शिक्षक बाहेर गेला की दुसऱ्याकडे चारही इयत्ता येतात. त्या दिवशी मुले सांभाळली जातात, शिकवणे होत नाही.

याची झळ वर्गातल्या सगळ्यांना सारखी बसत नाही. घरी कुणी शिकलेले असेल तर ते मूल राहिलेले घरी भरून काढते. ज्या मुलाच्या घरात वाचता येणारे कोणीच नाही, त्याला शिकायला ही खोली आणि हे तास एवढेच आहेत. गठ्ठा सोडू का असे विचारायच्या बेतात असलेला तोच असतो. बाई उठून जातात तेव्हा त्याचा प्रश्न तोंडातच राहतो.

कायदा या मुलाच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. कलम २९ कृतीतून, शोधातून शिकण्याचा आग्रह धरते. कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. मतदार यादीचे काम सुट्टीच्या किंवा अध्यापन नसलेल्या दिवशी घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले. २०२४ मध्ये राज्य शासनानेही शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी केली. आता ८०० तासांचा हिशेब मांडून बघा. दोनशे दिवस, रोजचे चार तास. त्यातला रोज एक तास गेला तर वर्षाला दोनशे तास, म्हणजे शाळेचे पन्नास दिवस जातात. रोज अर्धा तास गेला तरी पंचवीस दिवस. हे तास शिक्षकाच्या मालकीचे नाहीत आणि विभागाच्याही नाहीत. कायद्याने ते मुलाला दिलेले आहेत.

माहिती शासनाला लागते हे मला मान्य आहे. प्रशिक्षणांतून मी पुष्कळ शिकले आहे. गणित पेटी आली तेव्हा वर्गाचा चेहरा बदलला. पर्यवेक्षणाला येऊन जमिनीवर मुलांशेजारी बसलेले अधिकारी मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. म्हणूनच पुढच्या मागण्या अशक्य नाहीत असे वाटते.

पहिली मागणी. शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत कोणत्याही पातळीवरून माहिती मागवली जाऊ नये. महिन्यातला एक दिवस त्यासाठी ठरवावा आणि वेळ शाळा सुटल्यानंतरची असावी. यूडायसमध्ये असलेली माहिती पुन्हा मागू नये.

दुसरी. द्विशिक्षकी आणि एकशिक्षकी शाळेतल्या शिक्षकाला प्रशिक्षणाला किंवा बैठकीला बोलावताना त्या दिवसासाठी बदली शिक्षक द्यावा. देता येत नसेल तर तारीख सुट्टीत घ्यावी आणि त्या दिवसाची भरपाई रजा द्यावी.

तिसरी. शाळा तपासायला येणाऱ्यांनी परिपाठापासून सुट्टीपर्यंत एका वर्गात बसावे. मुलांना वाचायला सांगावे, काड्या हातात द्याव्यात, त्यांचे प्रश्न ऐकावेत. फाइली आणि फोटो त्यानंतर.

चौथी मागणी माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. शाळांसाठी काढलेल्या प्रत्येक परिपत्रकाच्या शेवटी, या कामाला शिक्षकाचे वर्गातले किती तास लागतील, हे सही करणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः लिहावे. उत्तर शून्य असेल तर शून्य लिहावे. वर्षअखेरीस प्रत्येक जिल्ह्याने त्या तासांची बेरीज जाहीर करावी. ८०० मधून किती उरले, हे तेव्हा पालकांनाही कळेल आणि आपल्यालाही. यासाठी नवी योजना, नवा निधी, नवे पोर्टल काहीच लागत नाही.

निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे असे ठरवले आहे. त्यासाठी २०२६-२७ हे वर्ष ठरलेले आहे. ही जबाबदारी मी माझी मानते आणि तिच्यातून सूट मागत नाही. हे तास पूर्ण मिळाले आणि तरीही माझ्या तिसरीतल्या एखाद्या मुलाला परिच्छेद वाचता आला नाही किंवा हातच्याची वजाबाकी आली नाही, तर त्याचा जाब मला विचारा. मी उत्तर देईन. तोपर्यंत तास गेले कुठे, याचा जाब विचारण्याचा अधिकार त्या मुलाच्या आईला आहे, आणि त्याचे उत्तर आपण तिला द्यायचे आहे.

आपली विश्वासू,
तिसरी-चौथीची वर्गशिक्षिका
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. जुन्नर, जि. पुणे